नगरच्या बंगल्यात, जुलै १९००

मनगटावरचे घड्याळ आधी काढून ठेवा. १९०० साली पुरुषमाणूस घड्याळ मनगटाला बांधत नाही, साखळीने कोटाला अडकवतो. तसाही इथे वेळेचा घोळच आहे. बोरीबंदर स्टेशनात रेल्वे मद्रासची वेळ पाळते, बाहेर मुंबई शहर स्वतःची, आणि दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. सगळ्या हिंदुस्थानची एक वेळ १९०६ मध्ये ठरेल. तोवर गाडी मद्रासच्या घड्याळावर सुटते. मुंबईच्या भरवशावर राहिलात तर चुकेल.

तिकीट थर्ड क्लासचे काढा, अहमदनगरचे. आजचे अहिल्यानगर. पुणे मागे पडले की केडगाव लागेल. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन नवेकोरे उभे आहे आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या गुजरातेतल्या मुली त्या तिथे आणून ठेवताहेत. दौंडला गाडी बदलायची. दौंडच्या पुढे खिडकीतून बाहेर पाहिलेत तर बुचकळ्यात पडाल. पाऊस लागला आहे, काळी माती भिजली आहे, आणि तरी मैलोगणती शेते मोकळी पडली आहेत. डब्यातल्या शेतकऱ्याला कारण विचारू नका. गेल्या वर्षी पाऊस आला नाही तेव्हा माणसांच्या आधी चारा संपला, आणि चाऱ्यामागोमाग बैल गेले. आता नांगर आहे, ओल आहे, जू ओढणारे कुणी नाही. दुष्काळ पाऊस पडला की संपतो हा शहरी समज इथेच उतरवून ठेवा. या जुलैत सबंध हिंदुस्थानात साठ लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर जगताहेत.

नगरच्या स्टेशनावर तपासणी होईल. प्लेगची साथ चौथ्या वर्षात आहे, त्यामुळे डॉक्टर काखेत आणि जांघेत गाठ चाचपून पाहतो. लाजू नका, सगळ्यांचेच पाहतो. मग टांगा करा आणि ‘ह्यूमसाहेबांचा बंगला’ एवढे सांगा. टांगेवाला पुढचे काही विचारणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचले असेल तर हे साहेब तुमच्या ओळखीचे आहेत. रेव्हरंड रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम, अमेरिकन मराठी मिशनचे वडीलधारे मिशनरी, वय त्रेपन्न. आणि त्यांच्या पत्नी केटी. पुढचा दिवस तुम्ही या दोघांच्या घरी काढणार आहात. हा दिवस असाच्या असा कुठल्या दप्तरात नोंदलेला नाही. तो मी त्या काळच्या मिशनच्या रीतीभातींवरून उभा केला आहे. माणसे, साल, दुष्काळ आणि मका मात्र खरे आहेत. मक्याचे काय ते कळेलच.

बंगला कौलारू, ऐसपैस, चारी बाजूंनी व्हरांडा. स्वयंपाकघर वेगळे, मागच्या अंगाला. बटलर, बबर्ची, भिस्ती, माळी, मोतद्दार. नोकरांची ही यादी ऐकून कपाळाला आठ्या घालण्याआधी एवढे लक्षात घ्या, की पाणी विहिरीवरून येते, दूध काढावे लागते, दळण जात्यावर होते, आणि घरचे दोघेही पहाटेपासून घरात नसल्यासारखे असतात. तरीही आठी राहिलीच तर राहू द्या. अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या पाद्र्याला असा बंगला आणि एवढी माणसे हाताखाली मिळाली नसती. ते सुख त्याला इथेच मिळते, आणि साहेब झाल्यामुळे मिळते.

तुम्ही परदेशी जोडपे पाहायला आला आहात. व्हरांड्यात बाई कुणा मुलीला काहीतरी समजावताहेत ते ऐका. ती मराठी पंतोजी लावून शिकलेली नाही. नगरी हेल आहे तिला. केटीबाई वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातल्या. वडाळा म्हणजे नगर-औरंगाबाद रस्त्यावरचे गाव. वडील सॅम्युअल फेअरबँक यांनी तिथे हयात काढली. प्रवचनांइतकाच त्यांना पक्ष्यांचा नाद, इतका की दक्षिणेतल्या डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव जाऊन बसले आहे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. भाऊ एडवर्ड आता वडाळ्याचे काम पाहतो. आणि आईचे वडील हेन्री बॅलंटाइन. १८४२ साली याच शहरातून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले ते त्यांच्या हातून. म्हणजे बाईंची ही नगर जिल्ह्यातली तिसरी पिढी. साहेबांचे म्हणाल तर ते भायखळ्यात जन्मले, १८४७ साली, मिशनरी बापाच्या पोटी. साहेब सात वर्षांचे असताना वडील गेले, आई मुलांना घेऊन अमेरिकेला परतली. साहेब येल विद्यापीठात शिकले आणि १८७४ मध्ये बायकोला घेऊन नगरला आले. पहिल्या पत्नी अ‍ॅबी १८८१ मध्ये वारल्या. केटीबाईंशी लग्न १८८७ चे.

तेव्हा ‘परदेशी सेवा करणारे जोडपे’ हे शब्द बोस्टनमधून हे मिशन चालवणाऱ्या मंडळाच्या दप्तरात ठीक आहेत. इथे ते नीट बसत नाहीत.

पहाट. चिमण्यांच्या आधी तुम्हाला जाग येईल ती जात्यांच्या घरघरीने. उजाडता उजाडता व्हरांड्यात सतरंजी अंथरली जाते आणि घरची भक्ती होते: साहेब, बाई, नोकरमाणसे, सेमिनरीतले, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतले, दोन-चार विद्यार्थी, आवारातल्या बायका. शास्त्रपाठ मराठीत, गीत मराठीत, प्रार्थना मराठीत. पंधरा-वीस मिनिटे. ही वेळ लक्षात ठेवा. दिवसभरात ज्याला तुम्ही ‘धर्मकार्य’ म्हणाल ते अशा तुकड्यांतूनच सापडेल. बाकीचा दिवस किराणा दुकानाचा आहे.

छोटी हाजरी, म्हणजे चहा-पाव, उभ्या उभ्या उरकली जाते, कारण फाटकाशी रांग लागली आहे.

रांगेकडे पाहताना डोळे वळवू नका, आणि रोखूनही धरू नका. लुगडे म्हणून अंगाला जे गुंडाळले आहे ते कापड आहे एवढेच म्हणता येते. मुलांची पोटे पुढे, हात काड्या. बायका जास्त, पुरुष कमी. चालता येणारे पुरुष सरकारी कामावर खडी फोडताहेत, कारण फेमिन कोडाचा, म्हणजे सरकारी दुष्काळ-नियमावलीचा, नियमच असा, की काम करू शकणाऱ्याने दगड फोडावा आणि त्याची मजुरी घ्यावी. पण तिथवर चालत जाण्याइतके बळ हवे, आणि मागे म्हातारे-लहानगे सांभाळायला कुणी हवे. जे या चाळणीतून गळतात ते कुठल्या तरी फाटकाशी येतात. यात महार-मांग पुष्कळ, पण नगरचे साळी-कोष्टीही आहेत. लुगड्यांचे हे गाव, आणि वर्षभरात लुगडे कुणी घेतलेले नाही. विणकराचा दुष्काळ शेतकऱ्याच्या मागून येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो.

ज्यांच्याकडे चिठ्ठी आहे त्यांना धान्य. चिठ्ठी गावच्या पाळकाच्या किंवा मास्तरच्या सांगण्यावरून मिळते. कारकून नाव पुकारतो, एकजण मापतो, बाई बाजूला उभ्या राहून पाहतात. एकच बाई पदर बदलून दुसऱ्यांदा रांगेत आली तर ती त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तिला हाकलतात का? कधी हाकलतात, कधी नाही. कशावरून ठरते हे तुम्हाला दिवसभर उभे राहूनही सांगता येणार नाही, आणि खरे तर इथली सगळी सत्ता त्याच न सांगता येणाऱ्या गोष्टीत आहे. वाईट माणसे असती तर आपल्याला लिहायला सोपे गेले असते.

आता मका. गेल्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाची आगबोट निघाली. तिच्या पोटात दोन लाख बुशेल, म्हणजे पाचेक हजार टन मका. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाच्या अमेरिकन साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून हा निधी जमवला, जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने सोसले. मुंबईत माल उतरला तो वेगवेगळ्या पंथांच्या मिशनऱ्यांनी मिळून वाटायचा ठरला, आणि त्या कमिटीचे चिटणीस आपले साहेब. गुजरातेत किती पोती, खानदेशात किती, कुठल्या स्टेशनावर वाघिणी मिळत नाहीत, कुठे पोती पावसात भिजली — हे सगळे त्यांच्या टेबलावर येऊन पडते.

मका आला खरा, पण नगरी माणूस ज्वारी-बाजरीवर वाढलेला. मका त्याने शेकोटीत भाजून खाल्लेला, दळून नाही. रांगेत एक म्हातारी बायबलबाईला, म्हणजे बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या मिशनच्या बाईला, सांगते आहे ते कान देऊन ऐका.

“बाई, ह्या अमेरिकेच्या दाण्याची भाकर थापाया घेतली का हातातच तुटती.”

“आधनाचं पाणी घाल पिठात. अन् मूठभर बाजरीचं पीठ मिसळत जा.”

“बाजरी असती तर तुमच्या दारात कशाला आले असते?”

बायबलबाईजवळ याचे उत्तर नाही. माझ्याजवळही नाही. म्हातारी ओटीत मका घेऊन जाते, कारण तुटकी भाकरीही भाकरीच. पुस्तकांत ‘क्विटो’चा उल्लेख दोन राष्ट्रांच्या स्नेहाची खूण म्हणून येतो. तो स्नेह ज्यांनी जात्यात भरडला त्यांचे म्हणणे कुणी लिहून ठेवले नाही.

साडेदहाच्या सुमाराला न्याहारी. बाई तुम्हालाही पानावर बसवतील. अंडी, पाव, घरच्या म्हशीचे दूध, आणि भाकरी. जेवताना साहेबांचे लक्ष ताटात कमी, टपालात जास्त. काही पत्रे मुंबईची, काही तालुक्यांची, एक बोस्टनचे. बोस्टनचे पत्र महिन्याभरापूर्वी लिहिलेले असते. ज्या प्रश्नाला ते उत्तर आहे तो प्रश्न दोन महिन्यांपूर्वीचा. दरम्यान ज्या मुलासाठी विचारणा केली होती तो मुलगा राहिला असेल वा नसेल. तार करता येते, पण परदेशच्या तारेला शब्दाशब्दाचे पैसे पडतात आणि त्यात रुपये गेले की धान्य तेवढे कमी. म्हणून दोन महिने थांबायचे.

साहेबांचे लिहिण्याचे टेबल एकदा नीट पाहा. मिशनरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भर बाजारात उभा राहून हात उंचावून बोलणारा माणूस येतो. तसे बोलणे त्यांनी केले आहे, तरुणपणी पुष्कळ. पण पन्नाशी उलटलेला, कामाचा व्याप अंगावर असलेला मिशनरी मुख्यतः लिहितो. आणि ते लिहिणे बहुतेक मागण्याचे. एका डॉलरला तीन रुपये आणि वर काही आणे पडतात. तीन रुपयांत एक मूल किती दिवस जगते हे न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला समजेल, पटेल आणि तिची पर्स उघडेल अशा भाषेत सांगावे लागते. त्या बाईने भाकरी पाहिलेली नाही. तिला अहमदनगर नकाशावर सापडत नाही. तिला काय दिसते? फोटो. अमेरिकन नियतकालिकांत या वर्षी हिंदुस्थानातल्या दुष्काळग्रस्तांचे फोटो छापून येताहेत, बरगड्या मोजता येतील असे. मूल जितके वाळलेले तितका निधी भरभरून. मला या व्यवहाराची शिसारी येते, आणि त्या फोटोंवाचून ‘क्विटो’ भरली नसती हेही कळते. दोन्ही गोष्टी जागच्या जागी राहू द्या.

दुपारी उन्हाची तिरीप आणि पावसाची सर आलटून पालटून येताहेत. बाईंनी औषधाची पेटी उघडली आहे: कोयनेल, एरंडेल, जखमेच्या पट्ट्या, आणि विहिरीत टाकायची ती जांभळी पूड. उन्हाळ्यात पटकीने माणसे पटापट गेली. आता हगवण आहे, आणि डोळे आलेली मुले इतकी, की डोळे धुण्याचीही रांग. इथे बाईंचा हात चालतो तसा साहेबांचा कधी चालला नसता. मुलगी रडायला लागली की त्या जरा दरडावतात, अगदी आपल्याकडच्या आजीसारख्या. बोस्टनच्या अहवालात मात्र हे सारे नवऱ्याच्या नावाखाली जाईल. मिशनच्या जुन्या याद्या चाळल्यात तर पुष्कळदा पुरुषाचे पूर्ण नाव मिळते आणि बायको ‘मिसेस’ एवढ्यावर भागवलेली. एका माणसाच्या वेतनात दोघे मिळतात, हा त्या काळच्या सगळ्याच मिशनांचा न बोलता ठरलेला सौदा.

सेमिनरीकडे चला थोडे. १८७८ मध्ये साहेबांनी ही सुरू केली, म्हणजे थोरल्या दुष्काळाच्या पाठोपाठ. त्या दुष्काळानंतर खेडोपाडी बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, आणि तितक्या मंडळ्यांना पुरे पडतील असे देशी पाळक हवे होते. वर्गात आज शिकवताहेत ते उंच कपाळाचे, स्वतःतच हरवलेले गृहस्थ म्हणजे नारायण वामन टिळक. पाच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग ते नगरला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, सोवळे सुटता सुटेना, आणि त्यांचाही बाप्तिस्मा याच वर्षीचा. टिळकांना नमस्कार करा, पण बोलण्यात गुंतवू नका. एक तर त्यांना वर्गाचे भान राहणार नाही, दुसरे म्हणजे तुमच्याकडून ते एखादी कविता म्हणवून घेतल्याशिवाय सोडणार नाहीत आणि तुमचे तोंड उघडले की तुम्ही कुठल्या काळातले ते उघडे पडेल.

आवारातून परत येताना एक बैलगाडी समोरून येईल. बैल एकच, दुसऱ्या बाजूला माणूस. गाडीत काय आहे ते कापडाखाली आहे. बाजूला व्हा.

आणि आता, गाडी गेल्यावर, साहेबांची एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत होते. तेव्हा तिथल्या मंडळात एक वाद पेटला होता: ज्यांनी ख्रिस्ताचे नाव कधीच ऐकले नाही, ते मेल्यावर त्यांचे काय? कडव्यांचे म्हणणे, नरक. मरण आले की दार बंद. अँडोव्हरच्या सेमिनरीतले काही प्राध्यापक म्हणत होते, की अशांना मरणानंतरही संधी असावी. ह्यूमसाहेबांनी अँडोव्हरच्या बाजूने बोलून टाकले. आपल्या आजा-पणजांना तुम्ही नरकात धाडता हे ऐकून हिंदुस्थानी माणसाचे मन कसे मिटते, हे त्यांनी पाहिले होते. मंडळाने त्यांना नगरला परत पाठवायचे थांबवले. बारा वर्षे काम केलेला माणूस, मराठी मातृभाषेसारखी येणारा, आणि तो मंडळाच्या कुठल्याशा शंकेपायी अमेरिकेत खोळंबून. शेवटी १८८७ मध्ये परवानगी मिळाली आणि ते आले.

अमेरिकेत हा वाद शास्त्राचा होता. इथे, त्या बैलगाडीमागे चालताना, तो वाद राहत नाही. गाडीत जी होती तिने कोणाचे नाव ऐकले होते? रांगेतल्या म्हातारीने रोज सकाळी व्हरांड्यातले गीत ऐकले असेल, पण तिचे लक्ष मापाकडे. साहेबांचे मन मोठे होते असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मला वाटते, भायखळ्यात जन्मल्याचा तो परिणाम होता. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो त्या आया-बायांना नरकात घालणे माणसाला जमत नाही, मग त्याचे शास्त्र काहीही म्हणो.

तरी त्यांना आजच्या सर्वधर्मसमभावाच्या चौकटीत कोंबू नका. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत तेही होते आणि ख्रिस्ती व हिंदू विचारांवर बोललेही. त्याच व्यासपीठावर विवेकानंद गाजत होते. हिंदू ग्रंथांत देवाचा शोध आहे हे साहेब मान्य करत. तो शोध ख्रिस्तापाशी येऊन पुरा होतो हेही तितक्याच ठामपणे म्हणत. सायंकाळी गावातले एखादे वकील किंवा मास्तर व्हरांड्यात येतात आणि यावरच बोलणे रंगते. चहा येतो. वकील चहा घेत नाहीत. वादात कितीही मोकळेपणा असला तरी चहाला हात लागत नाही आणि साहेबही आग्रह करत नाहीत.

तुमच्या ओठांवर प्रश्न आला असेल: उपाशी माणसाला धान्य देता, मग त्यासोबत धर्म का? गावात हा प्रश्न विचारणारे आहेत, वर्तमानपत्रांतून तो कडक शब्दांत येतो, आणि ‘दुष्काळी ख्रिस्ती’ हा टोमणा तेव्हापासून आजवर टिकून आहे. माझे मत सांगायचे तर, अनाथ पोराला विचारून बाप्तिस्मा देणे शक्य नसते, कारण ज्याच्या हातून तो जेवतो त्याला तो ‘नको’ म्हणणार नाही. पण टोमणा मारणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. रांगेत उभ्या असलेल्या महाराला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, आणि दुष्काळ पडण्याआधीही मिळत नव्हते. त्याच्या पोराला शाळेत आत बसू दिले ते या आवारात. तो मका खाऊन ख्रिस्ती झाला असे म्हणणे म्हणजे त्याला स्वतःचे डोके नव्हते असे म्हणणे.

तसे मंडळीतली जात काही विरघळून गेलेली नाही. रात्री कीर्तन आहे, तिथे कोण कुठे बसते ते बघा. कीर्तन, हो. ऑर्गनवरची इंग्रजी चाल गावकऱ्याच्या कानात शिरत नाही हे नगरच्या ख्रिस्ती लोकांना फार आधी कळले होते. बुवा उभे, टाळ-मृदंग मागे, पूर्वरंग, उत्तररंग, अभंगाच्या चाली. आख्यान बायबलातल्या उधळ्या पुत्राचे. बाप घरी वाट पाहतो आहे आणि पोरगा डुकरांच्या शेंगा खातो आहे, या जागी बुवा थांबतात. यंदा नगर जिल्ह्यात लोकांनी निवडुंग आणि झाडपाला शिजवून खाल्ला आहे. आख्यान समजावून सांगायची गरज पडत नाही. केटीबाई बायकांत खाली बसल्या आहेत आणि ध्रुपद त्यांना पाठ आहे. साहेब खुर्चीवर.

कीर्तन संपवून घरी आले की दिवसातले शेवटचे काम: मुलांना पत्रे. मघाशी बाईंच्या मराठीत तुम्ही जे ऐकलेत त्याची दुसरी बाजू इथे आहे. इथे वाढलेली मुले काही वर्षांची झाली की शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायची, ही मिशनरी घरांची रीत. साहेबही लहानपणीच गेले होते, पण आईबरोबर. आता त्यांची मोठी मुले तिथे आहेत, आणि इथे टेबलावर त्यांचे फोटो. पोटच्या मुलांना दूर ठेवून दुसऱ्यांची शेकडो मुले सांभाळायची, हे गणित मला आजवर नीट सुटलेले नाही. त्यांना सुटले होते असे त्यांच्या पत्रांची भाषा दाखवते, पण ती भाषा बोस्टनलाही वाचायला जायची.

थोरला रॉबर्ट अर्नेस्ट, नगरलाच जन्मलेला, बापासारखाच येलमध्ये शिकला. तुम्हाला जे ठाऊक आहे ते या दोघांना अजून नाही: १९२१ मध्ये तो तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करेल आणि जगभरचे विद्यार्थी ते वापरतील. मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरच्या बायकांच्या दवाखान्यात कामाला येईल. पुढच्या वर्षी सरकार दुष्काळातल्या कामाबद्दल साहेबांना कैसर-ए-हिंदचे सुवर्णपदक देईल. म्हातारपणी दोघे अमेरिकेला परततील आणि १९२९ मध्ये साहेब तिथेच वारतील, भायखळ्यापासून अर्धी पृथ्वी दूर. यातले काही बोलू नका. आज रात्री त्यांना फक्त एवढेच हवे आहे की वाघिणी वेळेवर याव्यात.

त्या आलेल्या नाहीत. दाराशी तारवाला आहे. मनमाडला मक्याची पोती उतरवून ठेवली आहेत आणि रात्रीतून पाऊस वाढला तर सगळी कुजतील. साहेब तार वाचतात, बाईंकडे देतात, मोतद्दाराला हाक मारतात. घोडा जोडेपर्यंत बाईंनी पिशवीत धोतराच्या फडक्यात भाकरी बांधल्या आहेत, कारण मनमाडला खायला मिळेल याचा भरवसा नाही. दोघांत बोलणे दोन-तीन वाक्यांचे, तेही पोत्यांच्या आकड्यांचे. टांगा फाटकाबाहेर जातो.

आता बाई तुमच्याकडे वळतात. सकाळी फाटकाशी माप घेणारा माणूस साहेबांबरोबर मनमाडला गेला आहे, आणि तुम्ही इथे नुसतेच उभे आहात. पाच वाजता कोठीशी या, म्हणतात. कारकून सांगेल, माप सपाट भरायचे, शीग लावायची नाही. साठा आठ दिवसांचा आहे आणि मनमाडचे काय होते ते माहीत नाही. म्हातारी मागेल, शीग लाव. ती मागेलच, आणि तुमच्या नजरेला नजर देऊन मागेल. नव्या माणसाला सगळ्या आधी हेरतात.